गाणं कोणत्या तारखेचं

दिवाळीच्या आठवडाभर आधी भाचा ओसरीवर येऊन टेकला. हातातल्या मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला, "मामाजी, रिलीज कोन्त्या तारखेले ठेवू जी?"

मला वाटलं, मिलमधल्या मालाबद्दल बोलतोय. तो गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये काट्यावर बसतो. पण विषय गाण्याचा होता. त्यानं एक रॅप लिहिला होता. मराठी, हिंदी आणि पोवारीची जी खिचडी आमच्या मुर्रीच्या चौकात रोज शिजते, त्याच भाषेत. घराच्या मागच्या खोलीत तीन बाजूंनी धानाची पोती रचून, मधे उभं राहून त्यानं तो मोबाईलवर रेकॉर्डही केला होता. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, हे त्याचं त्यानंच शोधून काढलेलं. आता एका ॲपवरून ते गाणं सगळीकडे पाठवायचं होतं आणि ॲप तारीख मागत होतं.

"टाक कधीही," मी म्हटलं.

"असं नाही जी. सारे शुक्रवारी टाकतात."

हे खरं आहे. सिनेमाचा शुक्रवार आपल्याला जुना माहीत आहे, पण गाण्यांचा शुक्रवार अलीकडचा. १० जुलै २०१५ पासून जगभरच्या संगीत कंपन्यांनी नव्या गाण्यांसाठी शुक्रवार ठरवून घेतला. त्याआधी अमेरिकेत मंगळवारी गाणी यायची, इंग्लंडमध्ये सोमवारी. एका देशात आधी आलेलं गाणं दुसऱ्या देशात चोरून पोचायचं, म्हणून सगळ्यांचा वार एक केला. मुर्रीत धानाची पोती रचून गाणाऱ्या पोरालाही आता तो वार पाळावासा वाटतो, याचं मला हसूही आलं आणि थोडं बरंही वाटलं.

त्याच्या प्रश्नानं मी अडलो मात्र. आमच्याकडे गाण्याला तारीख असते हे मला कधी सुचलंच नव्हतं. भाऊबीज झाली की इकडे एकेका गावाची मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. लहानपणी तिथं ऐकलेल्या एकाही गाण्याचं साल मला सांगता येणार नाही. ढोलकीवाला पाय मोडून खाटेवर पडला होता त्या वर्षीचं गाणं, पऱ्हे वाळून गेले त्या वर्षीचं गाणं, अशी त्यांची ओळख. पुढच्या वर्षी तेच गाणं आलं तरी ते तसंच नसायचं. कुणाचा शब्द बदललेला, कुठे नव्या सरपंचाला चिमटा. जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हे विचारायचं कारणच नव्हतं.

तारीख लावून आलेलं पहिलं रॅप गाणं माझ्या हाती पडलं ते कॅसेटमधून. बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी', मॅग्नासाऊंडनं १९९२ साली काढलेलं. तेव्हा मी कॉलेजला सायकलनं गोंदियाला जात होतो. रॅप हा शब्द माहीत नव्हता. हा माणूस गात का नाही, नुसता बोलतोय काय, असं माझ्या वडलांनी विचारलेलं आठवतं. मला मात्र ते गाणं आपलंच वाटलं, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ण' नाही. आमच्या घरात कुणीच 'पाणी' म्हणत नसे, 'पानी'च म्हणत. शाळेत गुरुजी ज्या उच्चारासाठी कान धरायचे, तोच उच्चार कॅसेटवर छापून आला होता.

ते गाणं कुणाचं होतं, हे पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं. चाल व्हॅनिला आइसच्या १९९० सालच्या 'आइस आइस बेबी'ची. तेही आधी दुसऱ्याच एका गाण्याच्या तबकडीवर मागच्या बाजूला, बी बाजूला टाकलेलं. तबकडी उलटी करून ते वाजवलं गेलं तेव्हा ते उचललं गेलं. आणि त्याच्या बुडाशी असलेली बेसची ओळ क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ सालच्या गाण्यातली. म्हणजे मी टेपरेकॉर्डरला कान लावून जे नवंकोरं समजून ऐकत होतो, ते तिसऱ्या हातचं होतं. वाईट वाटलं नाही. आमच्या घरातली सायकलही तिसऱ्या हातचीच होती.

पण त्यावरून एक खोड लागली. गाणं ऐकलं की ते कुठून निघालं, कुठे थांबलं, कुणाच्या नावानं उतरलं, हे बघायचं. हिपहॉपच्या बाबतीत ही खोड माणसाला फार लांब नेते.

हिपहॉपवाले आपला वाढदिवस पाळतात तो ११ ऑगस्ट १९७३ चा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीनं शाळेचे नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला आणि तिच्या भावानं, कूल हर्कनं, तबकड्या वाजवल्या. पुढची सहा वर्षं ही कला पार्ट्यांमध्ये आणि रस्त्यावर वाढली. त्या रात्रींच्या कॅसेटी हातोहात फिरत. पण दुकानात विकत मिळेल अशी तबकडी नव्हती. सहा वर्षं म्हणजे सहा मंडया. तोवर ते सगळं दंडारीसारखंच होतं, त्या रात्री हजर असेल त्याचं.

१९७९ मध्ये तबकडी निघाली. नेमकी पहिली कोणती, यावर अजून वाद घालता येतो, कारण फॅटबॅक बँडचं 'किंग टिम थर्ड' काही आठवडे आधीचं आहे. तेही बिचारं बी बाजूला. पण जगानं ऐकलं ते शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट'. न्यू जर्सीत शुगर हिल रेकॉर्ड्स चालवणाऱ्या सिल्व्हिया रॉबिन्सन या स्वतः गायिका. त्यांनी तीन पोरं गोळा केली. त्यातला एक, हेन्री जॅक्सन ऊर्फ बिग बँक हँक, पिझ्झाच्या दुकानात कामाला होता आणि कामावर कॅसेट लावून त्याबरोबर म्हणत असायचा. शिक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची बेसची चाल वादकांकडून पुन्हा वाजवून घेतली आणि त्यावर तिघं बोलत सुटले. बारा इंची तबकडीवर ते चौदा मिनिटं पस्तीस सेकंदांचं आहे. रेडिओसाठी कापून लहान केलेली रूपंही निघाली. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते ३६ व्या क्रमांकापर्यंत गेलं, इंग्लंडमध्ये तिसऱ्या. शिकच्या नाइल रॉजर्सनं एका क्लबमध्ये आपलीच चाल ऐकली, वकिलाची भाषा सुरू झाली, आणि पुढच्या छपाईत त्याचं आणि बर्नार्ड एडवर्ड्सचं नाव लागलं.

मला मात्र यातली एक गोष्ट सगळ्यांत जास्त छळते. हँकनं म्हटलेली कडवी त्याची नव्हती. ती ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझची, त्याच्या वहीतली. त्या कॅझचं आधीचं नाव कॅसानोव्हा फ्लाय. आपल्या कडव्यात त्यानं स्वतःचं नाव एकेक अक्षर सुटं करून गुंफलं होतं. हँकनं कडवं उचललं ते नावासकट. बदलायचं त्याला सुचलं नसेल, किंवा नाव काढलं तर ठेका मोडत असेल. त्यामुळे लाखो तबकड्यांवर चोरलेल्या कडव्यात मूळ मालकाचं नाव स्पष्ट ऐकू येतं, आणि वेष्टनावर ते नाव नाही. कॅझला त्या लेबलावर आजतागायत जागा मिळालेली नाही. रॉजर्सकडे वकील होता. कॅझकडे नुसतं कडवं होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या दंडारीतला शाहीर आठवला. गाण्याच्या शेवटी तो आपलं नाव घालायचा, गुरूचं नाव घालायचा, गावाचं घालायचा. 'तुका म्हणे' आपण इतकं म्हटलंय की ती सही आहे हे विसरायला होतं. कागद नसलेल्या जगात नाव ठेवायला एकच सुरक्षित जागा होती आणि ती गाण्याच्या पोटात. बाहेर लिहिलेलं पुसलं जातं. आत ओवलेलं काढायला गेलं तर मात्रा चुकते.

रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असं हल्ली कुठल्याही व्यासपीठावर ऐकू येतं. मला ते पटत नाही. पोवाडा दुसऱ्याच्या पराक्रमाचा असतो. रॅपवाला निम्मा वेळ स्वतःचीच आरती करतो. त्यातल्या त्यात जवळचं काही असेल तर खडी गंमतीतला कलगी-तुऱ्याचा झगडा. समोरासमोर उभं राहून शब्दानं पाडायचं, लोकांनी हसून निकाल द्यायचा. पण तेही जाऊ द्या. नातं असेल तर ते या नाममुद्रेचं आहे, असं मला वाटतं.

आता आपल्याकडच्या त्या गाण्याकडे येतो, ज्याच्यापायी मी भाच्याशी एकदा पैज हरलो आहे. 'मेरे गली में'. डिव्हाइन आणि नेझी. डिव्हाइन म्हणजे अंधेरीचा व्हिव्हियन फर्नांडिस, नेझी म्हणजे कुर्ल्याचा नावेद शेख. एक पिनकोडचे शेवटचे ५९ हे आकडे मिरवतो, दुसरा ७०. नेझीनं २०१४ च्या सुरुवातीला 'आफत' हे गाणं वडलांनी दिलेल्या आयपॅडवर रेकॉर्ड करून त्यावरच चित्रित केलं होतं. कुर्ल्याच्या त्या पोरावर त्याच वर्षी 'बॉम्बे ७०' नावाचा माहितीपट निघाला. मग २०१५ मध्ये दोघांचं 'मेरे गली में' आलं. ठेका सेझ ऑन द बीट या दिल्लीच्या पोराचा, प्रकाशन सोनी म्युझिकचं.

ते २०१५ मध्ये आलं, असं कागद म्हणतो. माझ्या कानी ते २०१९ मध्ये आलं. झोया अख्तर यांचा 'गली बॉय' १४ फेब्रुवारी २०१९ ला लागला. त्यातल्या अठरा गाण्यांत हेही होतं, आता झी म्युझिककडून. त्यात रणवीर सिंहचा आवाज मिसळलेला. मी ते सिनेमाचं गाणं म्हणूनच ऐकलं. काही दिवसांनी भाच्यानं जुनं लावलं, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "ही कोणीतरी नक्कल मारलीय."

"नक्कल नाही जी मामाजी, हेच पयलं हाय."

चहा-समोशाची पैज लागली. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि मी पंचेचाळिशीच्या घरात. मी हरलो.

नंतर लक्षात आलं की तो ते आधीपासून ऐकत होता. स्टेशनजवळच्या मोबाईलच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं, तेव्हापासून. मुंबईला कामाला गेलेली पोरं विदर्भ एक्सप्रेसनं गोंदियाला उतरायची ती फोनमध्ये गाणी घेऊन. पुण्याला गेलेली महाराष्ट्र एक्सप्रेसनं. एमसी स्टॅन 'बिग बॉस' जिंकून टीव्हीवर झळकला त्याच्या कितीतरी आधी ताडीवाला रोडचा तो पोरगा आमच्याकडे त्या गाडीनं पोचलेला होता. दुकानदार सगळं आपल्या संगणकात उतरवून घ्यायचा आणि पुढे कार्डाकार्डांत भरायचा. त्या फायलींना गायकाचं नाव नसायचं. 'ट्रॅक झिरो सेव्हन', 'न्यू रॅप डीजे', नाहीतर कुठल्या तरी फुकट्या संकेतस्थळाचं नाव. कुणी गायलंय, कुठलं आहे, कधीचं आहे, सगळं झडलेलं. तरीही भाच्याला माहीत होतं, कारण ती पोरं गाण्यात स्वतःचं नाव ओरडून सांगत होती, आकडा सांगत होती. आपण ज्याला रॅपवाल्यांची मिजास म्हणतो, तिचा हा उपयोग मला त्या पैजेनंतर कळला. गोंदियातल्या दुकानदारानं वरची पाटी पुसली तरी आतली पुसता आली नव्हती.

आणि 'मेरे गली में' म्हणजे काय? हिंदीच्या बाई लाल शाई मारतील. गली स्त्रीलिंगी, तेव्हा 'मेरी गली में' हवं. पण मुंबईच्या रस्त्यावर कोण असं बोलतं? ते चुकलेलं 'मेरे' म्हणजेच त्या गाण्याचा रहिवासी दाखला. सिनेमा आला, मोठी कंपनी आली, नट आला, तरी 'मेरे'चं 'मेरी' झालं नाही. एवढं वाचलं, हे काही कमी नाही. पडद्यावर डिव्हाइनचा आवाज सिद्धांत चतुर्वेदीच्या ओठांवर आहे. पाहणाऱ्याला चेहरा त्याचाच आठवतो. 'गली बॉय'ला फिल्मफेअरची तेरा बक्षिसं मिळाली, आणि त्यात 'अपना टाइम आएगा'च्या शब्दांसाठी डिव्हाइन आणि अंकुर तेवारी यांची नावं होती. कॅझपेक्षा डिव्हाइनचं नशीब बरं, किंवा चाळीस वर्षांत काळ थोडा सुधारला म्हणा.

त्यानंतर ही वाट फारच आखूड झाली. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' आलं, ते नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून. अस्सल हिपहॉपवाले त्याला आपलं म्हणणार नाहीत, ठेका हाऊसचा आहे. पण शब्द ठणठणीत मराठी. युरोपच्या कंपनीनं काढलेलं मराठी गाणं गाजलं आणि आमच्याकडच्या वरातीत ते वाजायला मेमरी कार्ड लागलं नाही, विदर्भ एक्सप्रेसही लागली नाही. पूर्वी गाणं मुर्रीला पोचायला जो वेळ लागायचा, त्यात ते थोडं आमचं होऊन यायचं, असं मला अधूनमधून वाटतं. हे म्हाताऱ्याचं रडगाणं असू शकेल. भाचा तरी तसंच म्हणाला.

तर त्याचा फॉर्म. मी चष्मा लावून तो त्याच्या मोबाईलवर वाचला. गाण्याचं नाव, गायकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव. भाषेची यादी होती. तीत मराठी होती, हिंदी होती, पोवारी नव्हती, झाडीबोली नव्हती. त्यानं मराठी निवडलं, मग हिंदी केलं, मग परत मराठी. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी जन्म घालवला, शब्दकोश केला. त्यांना ही यादी दाखवायला हवी होती. खाली बारा अक्षरांचा एक क्रमांक मिळणार होता. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला तो मिळतो, जगात कुठेही गाणं वाजलं की त्यावरून हिशेब लागतो. त्या क्रमांकाची फोड मी त्याला समजावून सांगितली: सुरुवातीला देशाची दोन अक्षरं, मग नोंदणी करणाऱ्याची तीन, मग सालाचे दोन आकडे, शेवटी पाच आकडे.

"म्हणजे देश हाय, साल हाय," तो म्हणाला. "गाव नाही."

"गाव आत टाक. गाण्यात."

ते त्यानं आधीच टाकलं होतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'मोरो गाव मुर्री' येत होतं, आणि एका ठिकाणी मुर्रीला मुर्रा जुळवला होता. छत्तीसगडकडे मुरमुऱ्याला मुर्रा म्हणतात, तो. यमक तसं बाळबोध, पण मी हसलो. तारीख मंडईनंतरच्या शुक्रवारची ठरली.

मंडईच्या रात्री दंडारवाल्यांनी त्याला मधल्या वेळात दहा मिनिटं दिली. त्यानं बीट मोबाईलवरून भोंग्याला जोडली होती. अर्ध्यात ती तार निसटली आणि बीट बंद पडली. ढोलकीवाल्यानं एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि ठेका उचलला. बीटपेक्षा जरा संथ, पण भाच्याचे शब्द पहिल्यांदा मला नीट कळले ते तेव्हाच. म्हातारी माणसं मुर्रा-मुर्रीला हसली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि गाणं संपून दंडार पुढे सुरू झाली.

दोन दिवसांनी आम्ही दोघं मोटरसायकलनं कुडव्याच्या बाजूनं येत होतो. बांधीत धानाचे भारे बांधणं चाललं होतं. एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा भाऱ्यावर बसून पाय हलवत गात होता. चाल भाच्याची. शब्दही त्याचेच, फक्त 'मोरो गाव मुर्री' नव्हतं. 'मोरो गाव कुडवा' होतं. मात्रा चपखल बसत होती.

मी भाच्याकडे पाहिलं. त्यानं गाडी बांधावर लावली होती. मला वाटलं आता भांडण. नावाबद्दल मीच त्याला इतकं सांगितलेलं.

तो पोराजवळ गेला. "काय रे, मुर्रा कुठी गेला?"

पोरगा घाबरला. मग म्हणाला, "मुर्री नाही त मुर्रा कायले?" आणि त्या जागी त्यानं काय घातलं होतं ते म्हणून दाखवलं. कुडव्याला त्यानं उडवा जुळवला होता. भुसा उडवा, पाखरं उडवा, असं काहीतरी. भाच्याच्या यमकापेक्षा ते सरस होतं. ते मला कळलं आणि भाच्यालाही कळलं.

"अजून एकडाव म्हण," त्यानं खिशातून मोबाईल काढला. "हळू म्हण. अन् आधी तुयं नाव सांग."

त्या शुक्रवारी गाणं आलं नाही.